‘ऋण’ हा शब्द आणि ऋण संख्यांचा भागाकार

गणितातील संज्ञा व्यवहारातील शब्दापासून घडलेली असली, म्हणजे ती विद्यार्थ्यास काही अंतरापर्यंत हाताला धरून नेते. पुढे मात्र तोच शब्द वाटेत आडवा येतो. ‘धन’ व ‘ऋण’ या संज्ञा अशाच आहेत. ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात (इ. स. ६२८) त्या योजून चिन्हांचे नियम सांगितले : धनास धनाने अथवा ऋणास ऋणाने भागले असता फल धन येते, दोहोंपैकी एकच ऋण असेल तर फल ऋण येते. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त हेच नियम दिले. उच्च प्राथमिक इयत्तेतील मराठी विद्यार्थी आजही ते त्याच शब्दांत शिकतो.

नियम पाठ होतो. परंतु कर्जाला कर्जाने भागून धन कसे मिळावे, ही शंका उरते. तिच्या निरसनार्थ पुष्कळदा भाषेचा दाखला दिला जातो : ‘नाही असे नाही’ म्हणजे ‘आहे’, तद्वत दोन ऋणे मिळून धन. हा दाखला अपुरा आहे. (−३) आणि (−५) यांची बेरीज −८ होते. तेथेही ऋणे दोनच आहेत. भाषेतसुद्धा ‘नाही, नाही’ असे लागोपाठ म्हटल्याने नकार दृढच होतो. एक नकार दुसऱ्यावर लागू केला, तरच अर्थ पालटतो. शेजारी ठेवणे आणि लागू करणे यांतील हा भेद न सांगता दिलेले सूत्र विद्यार्थी बेरजेतही वापरतो, आणि चुकतो.

याहून विश्वसनीय आधार ‘भाग’ या शब्दातच आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. त्याच्या आरंभीच्या वसाहतींत ठाण्याच्या वागळे इस्टेटीची गणना होते. अशा कामगारवस्तीतील मुलांस ‘उचल’ हा शब्द परका नसतो. समजा, कामगाराने १२०० रुपये उचल घेतली. ती −१२०० अशी लिहू. चौघा भावांनी हे देणे सारखे वाटून घेतल्यास प्रत्येकाच्या नावे ३०० रुपये पडतात : (−१२००) ÷ ४ = −३००. येथे भागणे म्हणजे वाटणे.

आता १२०० रुपयांच्या देण्यात ३०० रुपयांची देणी किती, असे विचारू. उत्तर ४ : (−१२००) ÷ (−३००) = ४. येथे भागणे म्हणजे मोजणे. कर्जाचे धन झालेले नाही. फल ही केवळ मोजदाद आहे, म्हणून ती धन आहे.

तिसरा प्रकार कठीण आहे : १२०० ÷ (−३००). ऋण माणसांत वाटणी होत नाही, आणि जमेत देणी मोजता येत नाहीत. येथे काळाची कल्पना उपयोगी पडते. शिल्लक दरमहा ३०० रुपयांनी घटत असेल, तर ती आजच्यापेक्षा १२०० रुपयांनी अधिक केव्हा होती? चार महिन्यांपूर्वी. ‘नंतर’ला धन मानल्यास ‘पूर्वी’ ऋण ठरते, आणि उत्तर −४ येते.

या तिन्ही अर्थांना एकत्र बांधणारे तत्त्व एकच आहे : भागाकार ही गुणाकाराची उलट क्रिया होय. भाजकाला कोणत्या संख्येने गुणले असता भाज्य मिळेल, एवढेच विचारावयाचे. (−३००) × (−४) = १२००, म्हणून वरील उत्तर बरोबर ठरते. शून्याने भागता का येत नाही, हेही यावरूनच कळते : शून्याला कशानेही गुणले तरी १२०० मिळत नाहीत, आणि भाज्यही शून्य असेल, तर प्रत्येक संख्या उत्तर ठरू लागते. ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य मानले होते. आजचे गणित ते मान्य करीत नाही.

तात्पर्य, ‘ऋण’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. मात्र वाटणे, मोजणे आणि उलट गुणणे हे ‘भागणे’ या क्रियापदाचे तीन अर्थ प्रथम उलगडून दाखवावेत आणि चिन्हांचा नियम त्यानंतर सांगावा. मग तो विद्यार्थ्यास आज्ञेसारखा न वाटता निष्कर्षासारखा वाटेल.