दोन यंत्रांचा करारनामा

हातात मावणारा जुना रेडिओ स्कॅनर संगणकाला जोडला, केबल नवी कोरी आणली, सॉफ्टवेअरही यथासांग बसविले, आणि तरीही पडद्यावर यंत्राकडून प्रतिसाद नसल्याचीच सूचना उमटत राहिली, तर दोष कोणाचा मानावा, अशा आशयाची पृच्छा या सदराकडे अधूनमधून येत असते. पृच्छा करणारे बहुधा हौशी बिनतारी चालक असतात, अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतात, किंवा परदेशस्थ नातलगाने दिलेले यंत्र कपाटातून बाहेर काढणारे जिज्ञासू असतात. आणि त्यांतील बहुतेकांनी यंत्र निकामी झाले असा निकाल मनाशी आधीच देऊन टाकलेला असतो. हा निकाल पुराव्यावाचून दिलेला असतो, आणि पुष्कळदा तो चुकीचा असतो, एवढे दाखवून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

जालना जिल्ह्याच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. पोलाद, संकरित बियाणे आणि मोसंबी यांसाठी ख्यातकीर्त असलेल्या या जिल्ह्यातच दूरसंचार विभागाच्या बिनतारी संनियंत्रण संघटनेचे आंतरराष्ट्रीय उपग्रह संनियंत्रण भूकेंद्र आहे, आणि त्या प्रकारचे देशातील ते एकमेव केंद्र होय. कोणता उपग्रह कोणत्या वारंवारतेवर बोलतो आहे, त्याला नेमून दिलेली हद्द तो पाळतो की नाही, आणि कोणाचा संदेश कोणाच्या संदेशात व्यत्यय आणतो आहे, याची नोंद ठेवणे हे अशा केंद्राचे काम. त्याच्या विशाल थाळ्या आणि हातातला जुना स्कॅनर यांच्या सामर्थ्यात जमीनअस्मानाचे अंतर असले, तरी एकामागून एक वारंवारता चाचपून तेथे कोणी बोलते आहे काय हे पाहण्याची मूळ क्रिया दोहोंकडे एकच आहे.

आरंभीच्या स्कॅनरांत प्रत्येक वारंवारतेसाठी क्वार्ट्झचा एक स्वतंत्र स्फटिक बसवावा लागे. पुढे सूक्ष्मप्रक्रियक आला, वारंवारता आकड्यांच्या रूपाने स्मृतीत साठविता येऊ लागली, आणि स्फटिकांची पेटी बाळगण्याची गरज संपली. परंतु या सोयीबरोबर एक नवा भारही आला. ११८.१०० अशी एक वारंवारता भरायची, तर बिंदू आणि स्वीकृतीची कळ धरून आठ वेळा बोट दाबावे लागते. पाचशे खाने असलेल्या यंत्रात ही संख्या चार हजार होते, आणि त्यात एक आकडा चुकला तर तो शोधण्याचा त्रास वेगळाच. संगणकावर यादी तयार करून ती केबलवाटे यंत्रात एकदम उतरवावी ही कल्पना या कंटाळ्यातूनच जन्मली. अडचण इतकीच होती, की संगणक आणि स्कॅनर यांचा एकमेकांशी बोलण्याचा प्रघात प्रारंभापासूनच सारखा नव्हता.

मराठवाड्यातील जुन्या प्रवाशांना मनमाडचे स्थानक सांगण्याची गरज नाही. निजामाच्या अमदानीत १९०० च्या सुमारास सुरू झालेला हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग मीटरगेज, आणि मुंबईहून येणारा मार्ग ब्रॉडगेज. त्यामुळे जालन्याच्या कापसाची गाठ असो वा जालन्याचा उतारू असो, मनमाडला एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत चढणे प्राप्तच होते, आणि १९९० च्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत ही रीत चालत राहिली. केबलच्या टोकाशी असलेल्या फुगीर भागात दडलेली नखाएवढी चिप नेमके हेच काम करते. संगणकाच्या यूएसबी मार्गावरून आलेला माल ती उतरवून घेते, आणि स्कॅनरला समजेल अशा क्रमिक मार्गावर, एकामागून एक बिट या क्रमाने, पुन्हा चढविते. दोन्ही बाजूंचे रूळ निर्दोष असूनही मनमाडच्या फलाटावर माल अडकून पडू शकत असे, आणि केबलच्या बाबतीतही दोष बहुधा त्या फलाटावरच सापडतो. सर्वसाधारण ग्राहक मात्र केबल म्हणजे केवळ तांब्याची तार असे समजून ती बदलण्याच्या किंवा स्कॅनर उघडण्याच्या मागे लागतो.

त्या क्रमिक मार्गाची रीत कोणी घालून दिली, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. क्रमिक संचाराचा वेग ज्या बॉड या एककात मोजतात, ते फ्रान्सच्या एमिल बोदो यांच्या नावावरून आले आहे, आणि १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या त्यांच्या पाच घटकांच्या लिपीचे श्रेय सर्वत्र मान्य आहे; परंतु बोदो यांच्या व्यवस्थेत दोन्ही टोकांची फिरती यंत्रे सतत एका तालात ठेवावी लागत, आणि ताल सुटला की संदेशाचा अर्थही सुटे. हा पेच सोडविला शिकागोच्या हॉवर्ड क्रम यांनी. त्यांचे वडील चार्ल्स क्रम हे शीतगृहांचे अभियंता. मीठ व्यापारातील धनिक जॉय मॉर्टन यांच्या भांडवलावर त्यांनी तारेवरून छापील अक्षरे उमटविणारे यंत्र घडविण्याचा उद्योग आरंभिला होता, आणि विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेला पुत्र त्यात सामील झाला. हॉवर्ड यांची युक्ती अशी, की दोन्ही यंत्रांनी अखंड एकतालात राहण्याचा अट्टहास सोडून द्यावा. प्रत्येक अक्षराच्या आधी आरंभाचा एक संकेत धाडावा, तो मिळताच घेणाऱ्या यंत्राने आपले चाक सोडावे, अक्षर पुरे होताच विरामाचा संकेत यावा, आणि यंत्राने पुन्हा उभे राहून पुढच्या अक्षराची वाट पाहावी. असे केल्याने ताल केवळ एका अक्षरापुरता सांभाळावा लागतो, आणि साचलेली चूक प्रत्येक अक्षरागणिक पुसली जाते. १९१० मध्ये अर्ज दाखल झालेल्या या कल्पनेला १९१८ मध्ये पेटंट मिळाले. पुढे गॉर्डन बेल यांनी डीईसी कंपनीच्या संगणकांसाठी तीच रीत इलेक्ट्रॉनिक मंडलात उतरविली, १९७१ च्या सुमारास ती एका चिपमध्ये सामावली, आणि आजही जालन्याच्या एखाद्या घरात जुना स्कॅनर संगणकाशी बोलतो तेव्हा प्रत्येक अक्षरापूर्वी हॉवर्ड क्रम यांचाच आरंभसंकेत तारेवरून जातो. शतकाहून अधिक काळ अव्याहत राबणाऱ्या या कल्पनेच्या जनकाचे नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळावे, ही मोठी खेदाची गोष्ट आहे.

या रीतीतून एक सुंदर हिशेब निघतो. ९६०० बॉड वेगाला एका बिटाचा अवधी सुमारे १०४ मायक्रोसेकंद असतो, आणि आरंभ, आठ बिट व विराम मिळून दहा बिटांचे एक अक्षर होते, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. घेणारे यंत्र आरंभसंकेतापासून मोजणी करून प्रत्येक बिटाच्या मध्यावर डोकावते. शेवटच्या बिटाचा मध्य साडेनऊ बिटांइतका दूर पडतो, आणि तेथे पोहोचेपर्यंत अर्ध्या बिटाहून अधिक चूक साचता कामा नये. सबब, दोन्ही टोकांच्या घड्याळांत सुमारे पाच टक्क्यांपर्यंत तफावत चालते. इतकी उदार सवलत असूनही जेव्हा पडद्यावर निरर्थक चिन्हांचा सडा पडतो, तेव्हा घड्याळे किंचित पुढेमागे झालेली नसतात. एका बाजूने ४८०० आणि दुसऱ्या बाजूने ९६०० असा वेगाचा करारच मुळात भिन्न झालेला असतो.

आता शोधाचा क्रम. आरंभ संगणकाकडून करावा, कारण तेथे पुरावा सर्वांत स्वस्त मिळतो. स्कॅनर बाजूला ठेवून केवळ केबल जोडावी आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवा कॉम पोर्ट उमटतो काय हे पाहावे. पोर्टच्या नावाशेजारी पिवळे त्रिकोणी चिन्ह आणि ‘कोड १०’ ही नोंद दिसली, तर स्कॅनरवर संशय घेण्याचे प्रयोजनच उरत नाही, कारण तंटा चिप आणि तिचा ड्रायव्हर यांच्यात आहे. या केबलींत मुख्यतः चार घराण्यांच्या चिपा आढळतात: तैवानच्या प्रोलिफिकची पीएल२३०३, स्कॉटलंडच्या एफटीडीआयची एफटी२३२, सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०२ आणि चीनची सीएच३४०. यांपैकी पहिल्या दोहोंच्या नकला बाजारात अमाप झाल्या, आणि मूळ कंपन्यांनी नकला ओळखून त्यांना नाकारणारे ड्रायव्हर काढले. ऑक्टोबर २०१४ मध्ये तर एफटीडीआयचा एक ड्रायव्हर विंडोजच्या नियमित अद्ययावतीकरणातून घरोघर पोहोचला आणि नकली चिपमधील ओळखक्रमांकाच्या जागी शून्य लिहू लागला. परिणामी ती चिप कोणत्याही संगणकाला ओळखू येईनाशी झाली. आपल्या मालाची नक्कल रोखण्याचा कंपनीचा हक्क निर्विवाद आहे. परंतु ज्याने दुकानात रास्त दाम मोजले, आणि ज्याला खऱ्याखोट्याची पारख करण्याचे कोणतेही साधन नव्हते, त्या ग्राहकाची वस्तू त्याच्या घरात शिरून, नोटीस न देता निकामी करणे हा न्याय नव्हे. त्या वेळी उठलेल्या निषेधानंतर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला, हे योग्यच झाले. आजच्या खरेदीदाराला सल्ला इतकाच, की चिपचे नाव स्पष्ट सांगणाऱ्या विक्रेत्याकडूनच केबल घ्यावी.

पोर्ट निर्विघ्न उमटला, तर त्याचा क्रमांक पाहावा. जुन्या सॉफ्टवेअरांपैकी काहींना पहिले चारच पोर्ट ठाऊक असतात, आणि विंडोजने केबलला अकरावा किंवा सतरावा क्रमांक बहाल केलेला असतो. शिवाय पुष्कळ केबलींना स्वतःचा अनुक्रमांक नसल्याने यूएसबीचे छिद्र बदलले की पोर्टचा क्रमांकही बदलतो. डिव्हाइस मॅनेजरमधून क्रमांक खाली आणावा, आणि केबल नेहमी एकाच छिद्रात लावावी. दुसरे एखादे सॉफ्टवेअर तोच पोर्ट अडवून बसलेले नाही याचीही खातरजमा करावी.

यापुढची परीक्षा सर्वांत निर्णायक होय. स्कॅनरकडचे टोक मोकळे ठेवून त्यातील धाडण्याचा आणि घेण्याचा असे दोन संपर्क बारीक तारेने एकत्र जोडावेत, टर्मिनल सॉफ्टवेअर उघडून, त्यातील स्थानिक प्रतिध्वनीची सोय बंद करून, काही अक्षरे टंकावीत. ती परत उमटली, तर संगणक, ड्रायव्हर, चिप आणि तार या चौघांचीही एकाच साक्षीने सुटका होते. उमटली नाहीत, तर दोष प्लगच्या अलीकडे आहे हे सिद्ध होते. मात्र या साक्षीची मर्यादा ओळखली पाहिजे. येथे धाडणारा आणि घेणारा एकच असल्याने वेग चुकीचा असला तरी अक्षरे बिनचूक परततात, आणि विद्युत्दाबाची दिशा उलटी असली तरी परततात.

दाबाचा प्रश्न विशेष दक्षतेचा आहे. १९६० पासून प्रचलित असलेल्या आरएस-२३२ या मानकात स्वस्थ तार, म्हणजे संदेश जात नसतानाची तार, उणे ३ ते उणे १५ व्होल्टवर असते; उलट स्कॅनरच्या पोटातील मंडले बहुधा शून्य आणि ३.३ किंवा ५ व्होल्ट एवढेच जाणतात, आणि त्यांची स्वस्थ तार धन दाबावर असते. दाबाचे रूपांतर काही यंत्रांत आत होते, काहींत केबलमध्ये. म्हणून प्लग सारखा दिसतो एवढ्या आधारावर एकाची केबल दुसऱ्याला लावणे धोक्याचे आहे. त्याने संवाद तर होत नाहीच, वर यंत्र कायमचे बिघडण्याचा संभव असतो. जोडणीपूर्वी साध्या मल्टीमीटरने केबलच्या धाडणाऱ्या संपर्कावरील दाब मोजावा आणि तो यंत्राच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावा.

उरलेल्या गोष्टी त्वरेने सांगता येतील. चामड्याच्या आवरणामुळे प्लग पुरता आत बसलेला नसतो. दोन संपर्कांच्या प्लगच्या जागी तीन संपर्कांचा हवा असतो. काही यंत्रे विशिष्ट कळ दाबून संगणकासाठीच्या अवस्थेत न्यावी लागतात. आणि बॅटरी क्षीण असेल तर लेखन मध्येच तुटून स्मृतीत अर्धवट यादी राहते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्रात काहीही लिहिण्यापूर्वी त्यातील मूळ मजकूर वाचून त्याची प्रत जपून ठेवावी.

यूएसबी १९९६ मध्ये अवतरली तेव्हा जोडा आणि वापरा अशी तिची द्वाही फिरविण्यात आली. इंटेलमध्ये तिच्या निर्मितीत अग्रभागी असलेले अजय भट्ट हे मूळचे बडोद्याचे, आणि त्यांच्या कार्याविषयी आपल्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती घोषणा नव्या यंत्रांपुरती खरी होती. जुन्या यंत्रांच्या बाबतीत तिने अडचण नाहीशी न करता चिपच्या आत झाकून टाकली, आणि झाकलेली अडचण सोडविणे उघड्या अडचणीहून कठीण असते.

कायद्याचे भानही हवे. बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना आवश्यक करणारा १९३३ चा कायदा आणि तारायंत्राचा १८८५ चा कायदा यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार अधिनियम संमत झाला असला, तरी परवान्याचे तत्त्व लोपलेले नाही. यंत्र वापरण्यापूर्वी त्याविषयीचे प्रचलित नियम पाहावेत. आणि ज्यांना या विद्येची खरी गोडी आहे त्यांनी हौशी बिनतारी चालकाची परीक्षा देऊन रीतसर परवाना मिळवावा. मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यांना खुला होतो, आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर येणारा आवाजही त्याच पट्ट्यात ऐकता येतो.

हौशी चालकांनी १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर संदेशवहनात केलेले साह्य मराठवाड्याने अनुभवले आहे, आणि तशा प्रसंगी केबलचा दोष शोधण्यास कोणालाही सवड नसते. यंत्रांचे निर्माते बाजारातून जातात, रेडिओशॅकसारखी नामांकित पेढीही २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि त्यांच्याबरोबर ड्रायव्हर व माहितीपुस्तिका दुर्मिळ होत जातात. म्हणून प्रत्येक जुन्या यंत्राबरोबर एक लेखी दस्तऐवज असावा: बॉडचा वेग, प्लगच्या संपर्कांचा क्रम, स्वस्थ तारेचा दाब, चिपचे नाव, चालणाऱ्या ड्रायव्हरची आवृत्ती आणि स्मृतीची प्रत. आपल्या तंत्रनिकेतनांनी हे काम विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांत समाविष्ट करावे, अशी आग्रहाची सूचना आहे. कारण त्यातून जुनी यंत्रे तर वाचतीलच, शिवाय पुराव्याने एकेक दुवा निर्दोष ठरवीत दोषापर्यंत पोहोचण्याची जी शिस्त विद्यार्थ्याच्या अंगी बाणेल, ती त्याला पुढे कोणत्याही यंत्रापुढे उपयोगी पडेल.