सहलीचा बेत आखताना दौलताबादचा हौद विसरू नका!

हिवाळा लागला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून सहलीचे बेत सुरू होतात. महिला मंडळ वर्गणी गोळा करते, विहारात जमणारी तरुण मुले गाडी ठरवतात, कुणी डबे किती लागतील याचा हिशेब करते. आपल्या माणसांच्या यादीत वेरूळ-अजिंठा पहिले असते, हे सांगायला नको. वेरूळला जायचे म्हटले की वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. मग कुणीतरी म्हणते, वाटेतच आहे तर तोही पाहून घेऊ. आमचे म्हणणे एवढेच आहे की, दौलताबाद असा वाटेत आला म्हणून पाहू नका. तो मुद्दाम बेतात घाला. कारण या किल्ल्याच्या दरवाजात आपल्या समाजाच्या इतिहासाचे एक पान लिहिले गेले आहे, आणि तेही एका सहलीमुळेच!

साल १९३४. चळवळीतील सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे हट्ट धरला की, आपण सारे मिळून कुठेतरी फिरून येऊ. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. त्याच बेतात दौलताबादचा किल्लाही घेतला गेला. सुमारे ३० माणसे, भाड्याच्या मोटारी, नाशिकहून येवलामार्गे औरंगाबादकडचा रस्ता. आज आपण ठरवतो तशीच ही सहल. फक्त एक फरक होता. बाबासाहेबांनी हा कार्यक्रम जाणूनबुजून जाहीर केला नव्हता. परमुलखात अस्पृश्य प्रवाशाला काय काय सोसावे लागते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषद गाजवून आलेला, देशभर ज्याचे नाव झाले होते तो नेता एक किल्ला पाहायला निघतो, आणि त्याला आपले नाव लपवून जावे लागते! सहलीच्या बेतातले पहिले कलम गुप्तता!

पुढचा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींची पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केली. दौलताबाद गावाच्या तोंडाशी आपली माणसे चहापाणी घेऊन वाट पाहत होती. पण अंधार पडण्याआधी किल्ला नीट पाहून व्हावा म्हणून बाबासाहेबांनी चहा परतल्यावर घेऊ असे सांगितले आणि मंडळी थेट दरवाजाशी गेली. दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक हौद होता. प्रवासाची धूळ अंगावर होती. काहींनी त्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले. एवढाच काय तो गुन्हा! मंडळी दरवाजातून आत शिरून पहारेकऱ्याकडे परवानगीची चौकशी करीत होती, तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडत आला की, यांनी हौद बाटवला. पाहता पाहता जमाव जमला. तो निजामाच्या राज्यातला मुसलमानांचा जमाव होता आणि महिना रमजानचा होता.

आम्ही बाहेरगावचे आहोत, इथली रीत आम्हाला माहीत नाही, असे सांगून पाहिले. तेव्हा जमावाचा राग गावातल्या अस्पृश्यांवर वळला. तुम्ही यांना आधी का सांगितले नाही, असा त्यांना जाब! बिचारे तर हौदाजवळ हजरही नव्हते. एका तरुणाने धर्माची भाषा सुरू केली, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला सरळ विचारले की, तुझा धर्म हेच शिकवतो काय? उद्या हाच अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तू पाणी घेऊ देणार नाहीस काय? तरुण निरुत्तर झाला. शेवटी पहारेकऱ्याने नाव मागितले. बाबासाहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिले. आतून निरोप आला : किल्ला पाहता येईल, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि त्यावर लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला.

या प्रसंगाचा आधार घेऊन कुणी एका धर्माविरुद्ध बोटे मोडणार असेल, तर त्याने महाडही आठवावे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर पाणी प्यालेल्यांची डोकी फोडणारे कोण होते? बाबासाहेबांनी दौलताबादची हकीकत सांगितली ती हे दाखवण्यासाठी की, हिंदूंनी ज्याला अस्पृश्य ठरवले तो मुसलमानाच्या लेखीही अस्पृश्यच राहिला होता. जातीचे विष एका उंबरठ्यापाशी थांबत नाही, हा तिथला धडा आहे.

आता किल्ल्याकडे वळू. तो पाहण्यासारखा आहे, यात शंका नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा पाचवा भिल्लम याने इथे राजधानी वसवली, ती देवगिरी. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी रामदेवरायावर चालून आला. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि नाव दौलताबाद ठेवले. पुढे बहामनी आले, निजामशाही आली, १६३३ मध्ये मुघल आले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह याला औरंगजेबाने इथल्याच चिनी महालात कैदेत ठेवले होते. तासून गुळगुळीत केलेला उभा कडा, खडकात खोदलेला खंदक, अंधारी नावाचा वळणावळणाचा काळोखा बोगदा, चांदमिनार, मेंढ्याच्या तोंडाची तोफ, हे सारे मुलांना दाखवाच. पण दाखवताना एक प्रश्न जरूर विचारा. एवढा डोंगर तासला कोणी? राजांची नावे आपल्याला पाठ आहेत. छिन्नी-हातोडा धरणाऱ्या एकाचेही नाव आपल्याला कुणी शिकवले नाही.

बेत कसा आखावा? किल्ल्याचा चढ दमवणारा आहे, म्हणून सकाळी लवकर दौलताबाद गाठा. अंधारीसाठी बॅटरी घ्या, लहान मुलांचा हात सोडू नका. म्हाताऱ्या माणसांनी चांदमिनारापर्यंतचा सपाट भाग पाहिला तरी पुरे. मग दुपारी वेरूळ. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, एवढे लक्षात ठेवा. तिथली पहिली बारा लेणी बौद्ध आहेत. दहाव्या लेण्यातील चैत्यगृहासमोर सारेच थांबतात, पण पाचवे लेणे चुकवू नका. या लांबलचक दालनात दोन दगडी बाक समोरासमोर शेवटपर्यंत गेले आहेत. भिक्खू तिथे अध्ययनाला किंवा भोजनाला बसत असावेत, असे अभ्यासक म्हणतात. जिथे संघ एका ओळीत बसत होता, त्या लेण्याला लोकांनी पुढे नाव काय दिले? महारवाडा! मुलांना हे नावही सांगा आणि त्यावर विचार करायला लावा. मुक्काम करणार असाल तर दुसरा दिवस छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, नागसेनवनासाठी ठेवा. ज्या मुलखात हौदाला हात लावू दिला नाही, त्याच मुलखात सोळा वर्षांनी, १९५० साली, बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले.

आणि दौलताबादच्या दरवाजाशी पाच मिनिटे थांबा. भाषण नको, घोषणा नकोत. कुणीतरी एकाने १९३४ ची हकीकत सांगावी आणि दुसऱ्याने भारतीय संविधानाचे कलम १५ (२) वाचावे. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरावर धर्म, जात, लिंग यांच्या कारणाने कुणालाही अडवता येणार नाही, असे ते कलम सांगते. तलाव हा शब्द त्यात आहे. आज आपण तिकीट काढून आत जातो, कुणी जात विचारत नाही, पाण्यावर नजर ठेवायला शिपाई येत नाही, ते या कलमाच्या बळावर. आणि तरीही पाणवठ्यावरून झालेल्या मारहाणीच्या बातम्या आपल्याला आजही वाचाव्या लागतात, हेही मुलांपासून लपवू नका.

आमची मागणी साधी आहे. दौलताबादच्या प्रत्येक मार्गदर्शकाच्या तोंडी तुघलक आणि तानाशाह यांच्या बरोबरीने १९३४ ची ही घटना आली पाहिजे. सांगितली नाही तर आपण विचारली पाहिजे. दहा जणांनी विचारले की अकराव्याला न विचारता सांगतील.

शेवटची एक गोष्ट. त्या दिवशी गावातली माणसे चहा घेऊन वाट पाहत होती आणि संतापलेल्या जमावाचा राग त्यांच्यावरच निघाला. पाहुणे निघून जातात, गावकऱ्यांना तिथेच राहायचे असते. म्हणून किल्ला पाहून झाल्यावर घाईने गाडीत बसू नका. गावातल्या आपल्या वस्तीत जा, विहारात वंदना घ्या, आणि तिथे बसून एक कप चहा प्या. गाडीला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल. जय भीम!