मोठीं चाकें आणि उंच गाडी

मृगाचा पाऊस सुरू झाला कीं उल्हास नदीच्या खोऱ्यांत एक दृश्य हटकून दिसूं लागतें. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील हौशी मंडळी सुटीच्या दिवशीं मलंगगडाचा पायथा, बारवीचें खोरें किंवा कोंडेश्वराची वाट धरतात. त्यांच्या गाड्यांपैकीं कांहीं गाड्या कारखान्यांतून आल्या तशा नसतात. त्या चार-सहा बोटें वर उचललेल्या असतात, आणि त्यांचे टायर वीतभराहून रुंद व खोल खांचांचे असतात. मग घरोघरीं एकच वाद ऐकूं येतो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, मोठे टायर बसविले कीं गाडी कोठेंहि अडणार नाहीं.’ वडील म्हणतात, ‘अरे, कारखानदाराला कां तें कळलें नाहीं?’ दोघांच्याहि म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे. तें किती, हें पाहणें मनोरंजक आहे. आणि पावसाळ्याचा विचार करतां आवश्यकहि आहे.

मोठ्या चाकाचा गुण आपल्याकडील गाडीवानाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. बैलगाडीचें चाक माणसाच्या छातीपर्यंत येतें, तें उगीच नव्हे. लहान चाक खड्ड्यांत पडतें. मोठें चाक त्याच खड्ड्याच्या दोन्ही कडांवर टेकून जातें. वाटेंत धोंडा आला तर लहान चाकाला तो भिंतीसारखा उभा वाटतो, मोठ्या चाकाला तोच धोंडा चढणीसारखा लागतो. शिवाय आंस जमिनीपासून जितका उंच, तितका तो चिखलांत रुतण्याचा संभव कमी. मोटारीच्या मोठ्या टायराचें समर्थन होतें तें याच तत्त्वावर.

पण मोठें चाक म्हणजेच सामर्थ्य, असें मात्र नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जेथें कल्याणची लष्करी छावणी होती, तेथेंच फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ च्या ऑगस्टमध्यें तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. त्याच वर्षीं मुंबईंत माझगांव येथें महिंद्र कंपनीनें विलिस जीपची जुळणी सुरू केली. युद्धकाळांत अमेरिकेनें अशा सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या होत्या. वाळवंट, बर्फ आणि ब्रह्मदेशांतील चिखल या जीपनें तुडविला, तो अवघ्या सहा इंच रुंदीच्या टायरांवर. तिचें यश टायरांत नव्हतें. तिचें वजन सुमारें अकराशें किलो होतें, चारहि चाकांना गति मिळत होती, आणि गियर चढणीसाठीं बेतलेले होते. सारे भाग एकमेकांशीं जुळलेले होते. गाडी हा एक हिशेब आहे. त्यांतील एक आंकडा बदलला कीं बाकीचे आंकडेहि हलतात.

तो हिशेब एका उदाहरणानें मांडतां येतो. २०२० सालीं आलेल्या महिंद्र थारच्या कांहीं प्रकारांना २४५/७५ आर १६ या मापाचे टायर होते. या आंकड्यांचा अर्थ सोपा आहे. टायराची रुंदी २४५ मिलिमीटर, त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि आंतील रिम १६ इंचांची. यावरून चाकाचा पूर्ण व्यास सुमारें ७७४ मिलिमीटर निघतो. त्याऐवजीं २८५/७५ आर १६ मापाचा टायर घातला तर व्यास ८३४ मिलिमीटर होतो. व्यास ६० मिलिमीटरनें वाढला. परंतु आंस मात्र त्याच्या निम्मा, म्हणजे ३० मिलिमीटरच वर जातो. हजारों रुपये खर्चून जमिनीपासून मिळालेलें जास्तीचें अंतर सव्वा इंचहि भरत नाहीं.

येथें पुष्कळांचा एक गैरसमज होतो. लांब स्प्रिंगा घालून गाडी दोन इंच उचलली म्हणजे सर्वच भाग दोन इंच वर गेले, असें त्यांना वाटतें. तसें होत नाहीं. मागचा आंस व त्यांतील डिफरन्शियलचा गोळा चाकांनाच जोडलेला असतो. स्प्रिंगा त्याच्या वरच्या अंगाला असतात. गाडीचें अंग वर जातें, गोळा मात्र जागच्या जागींच राहतो, आणि दगडाला आधीं लागतो तो तोच. त्याला वर नेण्याचा सोपा उपाय म्हणजे मोठा टायर. गाडी उचलण्याचा खरा उपयोग हा कीं मोठें चाक वळतांना व वरखाली होतांना त्याला मडगार्डाखालीं जागा मिळते. म्हणून हीं दोन कामें जोडीनें केलीं जातात.

आतां या सव्वा इंचाची किंमत पाहावी. नवें चाक जुन्याहून सुमारें पावणेआठ टक्के मोठें आहे. तें एका फेऱ्यांत अधिक अंतर कापतें, पण वेगमापकाला हें कळत नाहीं. मूळचा कांटा बरोबर होता असें धरलें, तर तो ६० दाखवीत असतां गाडी ताशीं साडेचौसष्ट किलोमीटरनें धांवत असते. इंजिनाचा जोरहि लांब दांड्याच्या टोकाशीं लावावा लागल्यामुळें जमिनीवर पोंचणारा रेटा सुमारें सात टक्क्यांनीं घटतो. ज्या चढणीसाठीं मोठें चाक घेतलें, तेथेंच गाडी किंचित् दुबळी होते. ब्रेकची कथा तीच. ब्रेक जुनेच, पण आतां त्यांना अधिक मोठें व अधिक जड चाक थांबवावयाचें असतें. अनुभवी कारागीर मोठ्या टायरांबरोबर डिफरन्शियलचे दांते बदलण्याचा सल्ला देतात तो यासाठींच. परंतु तो खर्च ऐकून बहुतेक जण टायरांवरच थांबतात.

उंची वाढविण्याची किंमत तर याहून गंभीर आहे. समजा, गाडीच्या डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर १५० सेंटिमीटर आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर आहे. कागदावरील हिशेबानें ती ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. गुरुत्वमध्य केवळ दहा सेंटिमीटर वर गेला, तर तीच मर्यादा ४१ अंशांवर येते. प्रत्यक्षांत स्प्रिंगा दबून गाडी झुकत असल्यानें ती याहूनहि कमी असते. हा धोका केवळ डोंगरांतला नव्हे. काटई-बदलापूर-कर्जत रस्त्यावर एखादी दुचाकी अचानक आडवी आली आणि स्टिअरिंग झटक्यानें फिरवावें लागलें, तर हाच फरक आडवा येतो. त्याशिवाय पुढच्या आंसाचे सांधे अधिक तिरपे होऊन लवकर झिजतात, स्टिअरिंगचे कोन बिघडतात आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. या प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे. पण तो केला नाहीं, तर उंच झालेली गाडी ही अर्धवट राहिलेली गाडी असते.

टायराच्या मापाइतकेंच महत्त्व त्याच्या खांचांना आहे. खोल व विरळ खांचांचा चिखली टायर भातखाचरांच्या कडेचा चिखल फेकून देत पुढें जातो. मात्र ओल्या डांबरावर त्याची पकड कमी, आवाज मोठा आणि झीज जलद. ज्याची गाडी वर्षांतून दहा दिवस चिखलांत व उरलेले दिवस स्टेशन, शाळा व बाजार यांच्या रस्त्यावर असते, त्याला मधल्या जातीचा, सर्व प्रकारच्या वाटांचा टायरच सोयीचा. आणखी एक उपाय तर फुकटाचा आहे. मऊ जमिनीवर टायरांतील हवा कांहीं अंशीं कमी केली म्हणजे टायर लांबट टेकतो, भार पसरतो व पकड वाढते. डांबरावर परततांच हवा पुन्हां भरावी एवढेंच. लहानसा पंप व दाबमापक यांनीं पुष्कळदां जें काम होतें, तें नव्या टायरांच्या जोडांनींहि होत नाहीं.

यापुढील गोष्ट मात्र हौसेची नसून जिवाची आहे. या खोऱ्याला पुराचा अनुभव आहे. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यांत महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक उतारूंना बचावपथकांनीं बाहेर काढलें. अशा दिवशीं उंच गाडीचा मालक रस्त्यावरील पाण्याकडे पाहून म्हणतो, ‘एवढें तर सहज जाईल.’ येथें चाकाचा हिशेब संपतो आणि पाण्याचा सुरू होतो. गाडीचा तळ सव्वातीन मीटर लांब व दीड मीटर रुंद धरला, तर तळाच्या वर चढणारें प्रत्येक दहा सेंटिमीटर पाणी गाडीला सुमारें अर्धा टन वर उचलतें. पावणेदोन टनांच्या गाडीला, पाणी आंत शिरण्यापूर्वीं, तळाच्या वर फूटभराहून थोडें अधिक पाणी तरंगविण्यास पुरेसें आहे. तरंगण्याच्या बऱ्याच आधीं चाकांवरील भार घटून पकड सुटते आणि वाहतें पाणी गाडीला कडेला नेतें. हवेनें भरलेले मोठे टायर तर तिला तरंगण्यास मदतच करतात. उंची वाढल्यानें हा क्षण थोडासा पुढें जातो, पण टळत नाहीं; आणि चालकाचा धीर मात्र त्या थोडक्याहून कितीतरी अधिक वाढलेला असतो.

कायद्याचीहि बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच स्पष्ट केलें. परवानगीवांचून केलेल्या प्रत्येक फेरफाराला पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीहि होऊं शकतात. अपघातानंतर विम्याचा दावा तपासतांना हाच प्रश्न उभा राहतो. यास्तव कारखानदारानें त्याच गाडीसाठीं मान्य केलेल्या मापांच्या आंत राहणें श्रेयस्कर. त्यापुढें जावयाचें तर कल्याणच्या परिवहन कार्यालयांत आधीं विचारावें.

तरीहि ज्याला टायर बदलावयाचेच आहेत, त्यानें चार गोष्टी पाहाव्यात. नव्या टायराची भार पेलण्याची क्षमता जुन्याहून कमी नसावी. पांचवें चाकहि त्याच मापाचें असावें, कारण निरनिराळ्या व्यासांचीं चाकें लावून चारहि चाकांचा गियर टाकला तर आंतील यंत्रणेवर विनाकारण ताण पडतो. एक चाक उंचवट्यावर चढवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवावें आणि टायर कोठें घासतो काय, तें पाहावें. आणि काम झाल्यावर मोकळ्या, कोरड्या जागीं ब्रेक लावून गाडी किती अंतरांत थांबते, याची ओळख करून घ्यावी.

वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर यांतच आहे. कारखानदाराला मोठें चाक ठाऊक होतें. त्यानें इतर आंकड्यांशीं मेळ घालून तें थोडें लहान ठेवलें. मुलाला तो मेळ बदलावयाचा असेल, तर त्यानें अवश्य बदलावा. मात्र सगळा हिशेब नव्यानें मांडावा, आणि रस्त्यावरून पाणी वाहूं लागलें म्हणजे गाडी वळवून घरीं यावें.