थंडी, द्राक्षबाग आणि रासायनिक क्रियेचा वेग



‘तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग वाढतो.’ मुलं हे वाक्य पाठ करतात. आपल्या निफाडच्या मुलांना खरं तर त्याची गरज नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे हिवाळ्यात घरोघरी विचारलं जातं. डिसेंबर २०१८ मध्ये तो दोन अंशांच्याही खाली गेला होता. अशा पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या का पेटवतात, हे वर्गात विचारून बघा.

मण्यात साखर भरणं ही अनेक रासायनिक क्रियांची साखळी आहे. थंडीत ती मंदावते, फुगवणही रेंगाळते. माल लांबला की भावाचा नेम नाही, आणि औषध-मजुरीचा वर्षाचा खर्च त्याच घडांवर असतो. (मणी तडकण्याची कारणं वेगळी, ती इथे घेत नाही.)

असं का होतं? ‘गरम झालं की कण जोरात पळतात’ एवढ्यावर आपण थांबतो, पण ते अपुरं आहे. तापमान २० वरून ३० अंश केलं, तर कणांचा सरासरी वेग जेमतेम दोन टक्के वाढतो. तरी बऱ्याच क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो! कारण कण नुसते आदळून भागत नाही, आदळताना पुरेशी ऊर्जा लागते. ती नसेल तर ते तसेच परत फिरतात. थोड्या उष्णतेनेही पुरेशी ऊर्जा असलेले कण खूप वाढतात. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये याचं गणित मांडलं.

आता गंमत बघा. बागेत नको असलेली थंडी घड तोडल्यावर आपण विकत घेतो. तोडलेला घडही श्वसन करतो, म्हणजे साठलेली साखर वापरतो. म्हणून निर्यातीचा माल आधी प्री-कूलिंगला, मग शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. क्रिया थांबत नाहीत, पण इतक्या मंदावतात की घड समुद्रमार्गे युरोपला टिकून पोहोचतो.

वर्गात तीन ग्लास घ्या: थंड, साधं आणि कोमट पाणी, सारख्याच मापाचं. प्रत्येकात सारखं ईनो टाका आणि फसफस थांबेपर्यंतचे सेकंद मुलांनाच मोजू द्या. झाकणबंद बाटली मात्र वापरू नका, वायूच्या दाबाने ती फुटू शकते.

एखादं चुणचुणीत मूल विचारेलच, ‘मग उकळत्या दुधात विरजण लावलं तर दही लवकर लागेल का?’ नाही लागणार. तिथे काम जिवाणूंचं असतं, आणि उकळत्या दुधात ते मरतात.