कडेगाव नव्हे, केडगाव! पंडिता रमाबाई आणि ख्रिस्ती जीवनातली शिस्त

कडेगाव : मात्रेची जागा बदलली की गाव बदलतं. आपलं कडेगाव सांगली जिल्ह्यात, तर केडगाव पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर. तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभं केलं. ख्रिस्ती माणसाची शिस्त म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायचं तर त्या माळावर जावं लागतं.

ख्रिस्ती म्हटलं की रविवारची उपासना आणि नाताळ, एवढंच बऱ्याच जणांना ठाऊक असतं. प्रत्यक्षात रोजची प्रार्थना, पवित्र शास्त्राचं वाचन, ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, मिळकतीतला दहावा हिस्सा म्हणजे दशांश, असं बरंच काही त्यात येतं. वारकऱ्याची एकादशी किंवा मुसलमान बांधवांचे रोजे जवळून बघणाऱ्या आपल्या भागाला हे परकं वाटायचं कारण नाही. मात्र उपास आणि दानधर्म लोकांना दाखवायला करू नका, असं येशूनं बजावलंय. निष्ठेसाठी त्यानं दाखला दिला तो नांगरटीचा. नांगराला हात घालून मागं बघणारा माणूस देवाच्या कामाचा नाही. शेतकऱ्याला हे फोड करून सांगायला नको. मागं बघितलं की तास वाकडं जाणारच.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांनी बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं. पुढं दुष्काळात रमाबाईंचे आईवडील दोघंही गेले. लग्नानंतर दोन वर्षांतच नवराही वारला, पदरात लहान मुलगी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

इथं एक गैरसमज दूर केलेला बरा. शिस्त म्हणजे वरचा सांगेल त्याला मान हलवणं, असं रमाबाईंनी कधीच मानलं नाही. ज्या इंग्रज जोगिणींच्या आश्रयाला त्या होत्या, त्यांच्याशी पत्रांतून त्यांचे खटके उडत. पटल्याशिवाय एकही गोष्ट मान्य नाही, हा त्यांचा खाक्या. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. इकडं पुण्यातही ताप कमी नव्हता. १८८९ मध्ये मुंबईत काढलेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. तिथल्या मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये मोठा गदारोळ झाला, सल्लागार मंडळातल्या नामवंतांनी अंग काढून घेतलं. बाईंनी ना सदन बंद केलं, ना प्रार्थना.

केडगावची जमीन त्यांनी घेतली ती फळबागेसाठी. बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी, कुणाच्या तोंडाकडं बघायला लागू नये, हा हिशेब. माळरानावर विहिरी खोदून बाग धरणं काय असतं, हे ताकारीचं पाणी यायच्या आधीचे दिवस काढलेल्या माणसाला विचारा. पण बाग पोसायच्या आधीच माणसं पोसायची वेळ आली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं खंगलेल्या विधवा आणि मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून त्यांना केडगावला हलवलं. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तिथल्याही मुली आल्या. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळचं घालायचं तर नुसत्या दयाबुद्धीवर भागत नाही. दळण, पाणी, औषधपाणी, शाळा, सगळं वेळेवरच व्हायला लागतं. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही कामं मुली शिकल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. दिवस प्रार्थनेनं सुरू व्हायचा आणि तिथून कामाला लागायचं. प्रार्थना आणि काम यांत तिथं फारसं अंतर नव्हतं.

सगळ्यात चिकाटीचं काम मात्र बायबलच्या भाषांतराचं. त्या वेळच्या मराठी बायबलमधली संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईच्या डोक्यावरून जायची. म्हणून पंचेचाळिशी ओलांडल्यावर रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून सोप्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. संस्कृतात पंडिता पदवी मिळवलेल्या बाईनं संस्कृत शब्द गाळत बसायचं, ही गंमतच म्हणायची. ऐकू कमी यायला लागलं होतं, संस्थेचा व्याप डोक्यावर होता, तरी वर्षानुवर्षं काम चालू राहिलं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत सगळं मुक्तीतल्या बायकांनीच केलं.

जिच्या हाती संस्था सोपवायची, ती मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये वारली. बाईंनी कागद बाजूला ठेवले नाहीत. भाषांतर हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

असा माणूस आपल्या जिल्ह्यानंही बघितलाय. मिरजेचं मिशन हॉस्पिटल जुन्या माणसांना सांगायला नको. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी ते १८९४ मध्ये सुरू केलं आणि १९२८ पर्यंत ते मिरजेतच राहिले. ऑपरेशनच्या आधी थांबून प्रार्थना करायची, मग हत्यार हातात घ्यायचं, हा त्यांचा रिवाज. सांगली-मिरज रस्त्यावरची वॉनलेसवाडी त्यांच्याच नावाची.

केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. रमाबाईंचं संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये, त्यांच्या माघारी दोन वर्षांनी.