शेजारच्या सेवकाचे नाव कोण सुचविणार?

दर वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला, म्हणजे २५ जानेवारीला, केंद्र सरकार पद्म पुरस्कारांची यादी जाहीर करते. दुसऱ्या दिवशी भाईंदर, मीरा रोड, उत्तन येथील शाळांच्या पटांगणांत ध्वजवंदन होते आणि घरोघरी वर्तमानपत्रातील ती यादी चाळली जाते. नटनट्या व खेळाडू यांची नावे लगेच ओळखू येतात. मग सहज उद्गार निघतो, "हे सारे मोठ्यांसाठी, आपल्या गावातल्या माणसाला कोण विचारतो?" हा समज कितपत खरा आहे, हे आपण या लेखात पाहू या.

भारतरत्न व पद्म पुरस्कारांची स्थापना १९५४ साली झाली. पद्मविभूषण, पद्मभूषण व पद्मश्री ही आजची नावे १९५५ पासून रूढ झाली. पद्म पुरस्कारासोबत राष्ट्रपतींच्या सहीची सनद व पदक मिळते. रोख रक्कम मिळत नाही. राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने किताब रद्द केले आहेत. त्यामुळे हे पुरस्कार किताब ठरत नाहीत आणि नावाच्या मागे वा पुढे ते लावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. थोडक्यात, हा केवळ कृतज्ञतेचा जाहीर उच्चार आहे.

आता आपल्याच परिसराकडे वळू या. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू तालुकाही याच जिल्ह्यात होता. त्या एका तालुक्यातील सेवेने तीन पद्म सन्मान मिळविले. बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी बालकांसाठी बालवाड्या व अंगणवाड्या उभ्या करणाऱ्या ताराबाई मोडक यांना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. त्यांचे काम पुढे नेणाऱ्या अनुताई वाघ यांना १९८५ साली पद्मश्री मिळाली. लग्नाच्या वेळी भिंतीवर काढली जाणारी वारली चित्रकला जगापुढे नेणारे गंजाडचे जिव्या सोमा म्हशे २०११ साली पद्मश्रीचे मानकरी झाले. मदर तेरेसा यांनाही पद्मश्री मिळाली ती १९६२ सालीच, म्हणजे ताराबाईंच्याच वर्षी. भारतरत्न त्यांना पुढे १९८० साली देण्यात आले. कोलकात्याच्या वस्तीतील सेवा आणि डहाणूच्या पाड्यातील बालवाडी, दोन्हींची नोंद देशाने एकाच वर्षी घेतली.

ही नोंद होते कशी? पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक कोणाचेही नाव सुचवू शकतो. स्वतःचेही सुचविता येते. अर्ज केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार संकेतस्थळावर भरावा लागतो. २०२६ च्या पुरस्कारांसाठी ही मुदत १५ मार्च २०२५ पासून सुरू झाली होती. अर्जासोबत त्या व्यक्तीच्या कार्याचे वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत द्यायचे असते. आलेल्या नावांचा विचार मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती करते आणि तिची शिफारस पंतप्रधान व राष्ट्रपती यांच्याकडे जाते. डॉक्टर व शास्त्रज्ञ वगळता सेवेतील सरकारी कर्मचारी या पुरस्कारास पात्र नसतात. मरणोत्तर पुरस्कार सहसा दिला जात नाही. म्हणून वयोवृद्ध सेवकाच्या बाबतीत दिरंगाई परवडणारी नाही.

आमच्या किनाऱ्यावरील वाचकांनी आणखी एका सन्मानाची माहिती ठेवावी. बुडणाऱ्यास, आगीत वा अपघातात सापडलेल्यास स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचविणाऱ्या व्यक्तीस जीवन रक्षा पदक दिले जाते. सर्वोत्तम जीवन रक्षा, उत्तम जीवन रक्षा व जीवन रक्षा अशा त्याच्या तीन श्रेणी असून ही पदकेही प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास जाहीर होतात. येथे मरणोत्तर सन्मानही होतो आणि पदकासोबत रोख रक्कमही मिळते. शिफारस राज्य सरकारमार्फत जाते व घटना साधारणतः दोन वर्षांच्या आतील असावी लागते. वादळात दुसऱ्या बोटीवरील खलाशांना वाचविणारा नाखवा किनाऱ्यावर आला की जाळी सोडवून घरी जातो. चार दिवस बंदरावर त्याची चर्चा होते आणि पुढे ती घटना विसरली जाते. तारीख, वेळ, साक्षीदारांची नावे, पोलीस ठाण्यातील नोंद यांपैकी काहीच वेळीच जमविलेले नसल्यास शिफारस करणार तरी कशाच्या आधारे?

काही भाविकांच्या मनात येथे शंका येईल. गाजावाजा न करता सत्कर्म करावे, अशी आपली शिकवण आहे. मग पुरस्कारासाठी अर्ज कशाला? शंका योग्य आहे. परंतु मौन पाळण्याची ती शिकवण सेवा करणाऱ्यासाठी आहे. ज्यांना त्या सेवेचा लाभ झाला, त्यांनीही मौन पाळले तर त्याला कृतघ्नताच म्हणावे लागेल. रुग्णाच्या उशाशी रात्री जागणारी परिचारिका स्वतःविषयी लिहिणार नाही. तिच्याविषयी लिहिण्याचे काम आपले आहे.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. प्रत्येक धर्मग्रामातील दोन-तीन लिहित्या तरुणांनी गावातील सेवाभावी माणसांची, ती कोणत्याही धर्माची असोत, एक वही करावी. कार्याला सुरुवात केव्हा झाली, लाभ कोणाला झाला, पुरावा काय, हे त्यांच्या हयातीतच लिहून ठेवावे. पुरस्कार मिळेलच, असे नाही. २०२५ साली साऱ्या देशात मिळून १३९ पद्म पुरस्कार दिले गेले. मात्र सन्मान दिल्लीहून आला नाही तरी ती वही गावात राहील, आणि आपल्यासाठी कोण झिजले, हे पुढच्या पिढीला कळेल.