अमेरिकेला जाण्याआधी परतीची तयारी

तापीकाठच्या या शहराला मराठीत बऱ्हाणपूर म्हणतात, हिंदीत बुरहानपुर लिहितात आणि इंग्रजी पाटीवर तिसरेच रूप दिसते. गावाला हे चालून जाते, माणसाला नाही. मध्य प्रदेशाच्या सीमेवरील या जिल्ह्यात मराठी घरातील मुलाचे नाव शाळेच्या दाखल्यावर हिंदी वळणाने, आधार कार्डावर मराठी वळणाने आणि पासपोर्टवर त्या दिवशी अर्ज भरणाऱ्याला सुचेल तसे उमटते. ‘वाणी’चे स्पेलिंग कधी ‘व्ही’ने सुरू होते, कधी ‘डब्ल्यू’ने. कुठे वडिलांचे नाव मधे येते, कुठे ते गळून पडते. येथील एखादी विद्यार्थिनी अमेरिकेतील महाविद्यालयात एका सत्रासाठी जायचे ठरवते, तेव्हा तिची पहिली अडचण इंग्रजी संभाषण किंवा थंडी ही नसते. सर्व कागदांवर ती एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करणे, ही असते.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना भरलेला आणि नावाचा रिकामा असेल, तर अमेरिकी व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरे छापली जातात. त्यांचा अर्थ ‘पहिले नाव अज्ञात’ असा आहे. पुढे ग्रंथालयाचे कार्ड, बँकेचे खाते, वसतिगृहाची यादी अशा सर्व ठिकाणी ही अक्षरे नाव म्हणून चिकटण्याचा धोका असतो. म्हणून पासपोर्टची दुरुस्ती हे तयारीचे पहिले काम. तेही अर्ज करण्यापूर्वीचे, कारण महाविद्यालयाचे सर्व कागद पासपोर्टवरील नावानेच निघतात.

गोव्याच्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. पोर्तुगीज काळातील नोंदी आणि आजचे कागद यांतील नावांची तफावत येथील घरांनाही ठाऊक आहे. शिवाय अमेरिकी व्हिसासाठी मध्य प्रदेश आणि गोवा ही दोन्ही राज्ये मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. बऱ्हाणपूरची मुलगी भुसावळमार्गे रात्रीच्या गाडीने आणि काणकोणची कोकण रेल्वेने, दोघीही वांद्रे-कुर्ला संकुलातील त्याच इमारतीसमोर रांगेत उभ्या राहतात. बोटांचे ठसे व छायाचित्र देण्याची वेळ आणि मुलाखतीची वेळ वेगवेगळी मिळते. त्यामुळे मुंबईत एक-दोन रात्रींच्या मुक्कामाची सोय आधी करावी लागते. मुलाखतीच्या इमारतीत मोबाइल नेता येत नाही, हेही बाहेरगावाहून एकट्याने येणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

विनिमय विद्यार्थी म्हणजे पदवीसाठी परदेशी जाणारा विद्यार्थी नव्हे. तो आपल्याच महाविद्यालयाचा राहतो. फक्त एक सत्र किंवा एक वर्ष दुसरीकडे शिकतो. दोन संस्थांमध्ये परस्पर करार असेल तर बहुधा शिक्षणशुल्क मायदेशातच भरले जाते; राहणे, जेवण, विमा व प्रवास यांचा खर्च वेगळा. अमेरिकी संस्था ‘डीएस-२०१९’ नावाचा कागद देते आणि त्यावर ‘जे-१’ वर्गाचा व्हिसा मागता येतो. या वर्गासाठी सेव्हिस या नोंदणी यंत्रणेचे शुल्क २२० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर आहे. शासकीय खर्चाने चालणाऱ्या काही कार्यक्रमांत सेव्हिसचे शुल्क माफ असते. व्हिसा नाकारला गेला तरी अर्जाचे शुल्क परत मिळत नाही.

‘मी परत कुठे येणार?’ या प्रश्नावर मात्र फार थोडे विद्यार्थी थांबतात. अमेरिकेत साधारण पंधरा आठवड्यांच्या सत्रात विद्यार्थी बारा ते पंधरा श्रेयांकांचे विषय घेतो. ते श्रेयांक आपल्या विद्यापीठात कोणत्या विषयांच्या बदल्यात धरले जातील, याचे लेखी उत्तर निघण्यापूर्वी हाती नसेल, तर परतल्यावर वर्ष वाया जाऊ शकते. जेथे वार्षिक परीक्षेची पद्धत आहे, तेथे ऑगस्ट ते डिसेंबर बाहेर राहिलेल्या मुलीची हजेरी कशी धरायची, हा प्रश्न विभागप्रमुखांच्या तोंडी आश्वासनाने सुटत नाही. ते पुढच्या वर्षी बदलून गेले की आश्वासनही जाते. विषयाचे नाव, अभ्यासक्रमाची प्रत, त्याला समतुल्य धरलेला येथील विषय आणि परीक्षा विभागाची स्वाक्षरी एवढे एका कागदावर असले पाहिजे. तिकडे एखादा विषय आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून दोन पर्यायी विषयांनाही याच कागदावर मान्यता घेणे शहाणपणाचे.

हाच कागद मुलाखतीतही उपयोगी पडतो. अमेरिकी कायद्याच्या कलम २१४ (ब) प्रमाणे अशा प्रत्येक अर्जदाराचा कायमचे स्थायिक होण्याचा हेतू आहे असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. मुलाखत बहुधा काही मिनिटांची असते. घरची केळीची बाग किंवा यंत्रमाग यांच्या कागदांची चळत पाहिली जाईलच असे नाही. पण पदवीचे शेवटचे वर्ष येथे बाकी आहे आणि अमुक महिन्यात ती पुन्हा वर्गात बसणार आहे, हे महाविद्यालयाचे पत्र व तिचे स्वतःचे उत्तर मिळून सांगते. जून २०२५ पासून विद्यार्थी व विनिमय व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगितले जाते. अर्जात मागील पाच वर्षांत वापरलेली खाती नमूद करायची असतात. विस्मरणात गेलेले खातेही त्यात आले.

परतीचा विचार करून निघणे ही मराठी माणसाला नवी गोष्ट नाही. आनंदीबाई जोशी यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर येथे सभेत आपण अमेरिकेला का जात आहोत हे सांगितले; हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, असेही सांगितले. गंमत म्हणजे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश त्या जूनमध्ये अमेरिकेला पोहोचल्यानंतर ठरला. आजच्या क्रमाच्या अगदी उलट. मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि परतीच्या जहाजावर चढण्याआधी कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक त्यांच्या हाती होती. राहिली नव्हती ती प्रकृती. फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने त्यांचा पुण्यात अंत झाला.

प्रकृतीच्या कागदांकडेही म्हणूनच लक्ष हवे. अनेक अमेरिकी महाविद्यालये गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या लशीच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात. लहानपणचे लसीकरण कार्ड हरवले असेल, तर रक्ततपासणीने प्रतिकारशक्ती दाखवता येते किंवा लस पुन्हा घेता येते. क्षयाच्या तपासणीत एक मेख आहे. भारतात जन्मतः दिल्या जाणाऱ्या बीसीजी लशीमुळे त्वचेवरील चाचणीत आजार नसतानाही गाठ येऊ शकते. त्यामुळे महाविद्यालय स्वीकारत असेल तर रक्ताची चाचणी निवडावी. जे-१ विद्यार्थ्याला प्रत्येक आजारासाठी किमान एक लाख डॉलरचा विमा सक्तीचा आहे. स्वस्त पॉलिसी घेण्यापूर्वी ती महाविद्यालयाला चालते का, हे विचारून घ्यावे.

सामानाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. हिवाळी कोट तिकडे घेतलेला बरा; येथील स्वेटर तेथील जानेवारीला पुरत नाही. ताजी फळे, बियाणे व मांसाचे पदार्थ नेऊ नयेत. केळीच्या वेफर्सचे बंद पाकीट सहसा चालते, पण सोबतचे सर्व खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावे लागतात. लपवलेले सापडले तर दंड होतो.

डीएस-२०१९ वरील आरंभाच्या तारखेपूर्वी ३० दिवसांहून आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही आणि कार्यक्रम संपल्यावर निघण्यासाठी ३० दिवस मिळतात. या शेवटच्या दिवसांत सहलींचे बेत आखले जातात. त्यातला एक दिवस कार्यालयासाठी राखावा. ग्रंथालयाचा दंड किंवा दवाखान्याचे बिल थकले असेल, तर काही महाविद्यालये अधिकृत गुणपत्रक अडवून धरतात, आणि ते बहुधा त्यांच्याकडून थेट येथील विद्यापीठाला यावे लागते. बऱ्हाणपूरला पोहोचल्यावर ईमेलने चौकशी करत राहण्यापेक्षा, ते कोणत्या पत्त्यावर आणि कोणाच्या नावे पाठवायचे हे तेथूनच भरून देणे सोपे.